मत मागायचं राहून गेलं

आमच्या आर्लिसवहिनीला गणित येतं, गाईचं बाळंतपण येतं, बिघडलेला ट्रॅक्टर सुरू करता येतो. मागणं तेवढं येत नाही. माझा भाऊ बिचारा तीन वर्षं तिच्या मागे हिंडला. हिने स्वतःहून विचारलं असतं, तर पहिल्याच उन्हाळ्यात लग्न उरकलं असतं.

पश्चिम नेब्रास्कातल्या आमच्या गावच्या शाळेत तिने आयुष्यभर गणित शिकवलं. ती निवृत्त झाली आणि राज्याच्या शिक्षण मंडळात लहान हायस्कुलं बंद करून मोठ्या शाळांना जोडायची भाषा सुरू झाली. म्हणजे आमची पोरं उजाडायच्या आत बसमध्ये बसणार आणि चाळीस मैल जाणार. मंडळातली आमच्या भागाची जागा मतदानाने भरते. तिथे ट्रॅक्टर विकणारा हॅलोरन उभा होता, शाळा जोडायच्या बाजूचा.

वहिनी भांडी विसळता विसळता म्हणाली, "मीही उभी राहते. येईन निवडून."

मलाही शंका नव्हती. उन्हाळाभर मी गाडी चालवली, ती दारं ठोठावत फिरली. मी आपली गाडीतच बसायचे. ऑगस्टमध्ये एकदा उकाडा असह्य झाला, म्हणून तिच्याबरोबर एका घरात गेले. वहिनीने पावसाचं विचारलं, तिथल्या म्हाताऱ्याच्या गुडघ्याचं विचारलं, पोटभर जेवली आणि उठली.

गाडीत मी म्हटलं, "वहिनी, निवडणुकीचं बोलली नाहीस?"

"त्यांना ठाऊक आहे की. माझ्या अंगणात प्रचाराची पाटी लावलीये."

"अगं, पण मत?"

"शी! त्यांच्याकडे जेवायचं आणि वर मागायचंही?"

मी कच्च्या रस्त्यात गाडी थांबवली. "एकाही घरी मागितलं नाहीस?"

"नाही. दोघांना तर वाटलं, मी चर्चच्या जेवणाची तिकिटं विकायला आलेय."

माझं डोकंच फिरलं. हे आमच्याकडेच होऊ शकतं. इथे तिसऱ्यांदा आग्रह झाल्याशिवाय माणूस ताटातल्या दुसऱ्या गोड पावाला हात लावत नाही. मागणं म्हणजे निव्वळ निर्लज्जपणा.

"हॅलोरन मागतोय," मी ओरडले. "तोच जिंकेल. आणि तुझ्या सभ्यतेपायी पोरं अंधारात बसची वाट बघत कुडकुडतील!"

हे तिला लागलं. मग म्हणाली, "फिरव गाडी. पुन्हा पहिल्या घरापासून."

पहिलं घर डेल्बर्ट क्रायचेकचं, तिच्या जुन्या विद्यार्थ्याचं. संध्याकाळचं जेवण चाललं होतं, चिली म्हणजे मांस-राजम्याचं तिखट कालवण, आणि दालचिनीचे गोड पाव. वहिनी खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाली, "डेल्बर्ट, मला तुझं मत हवंय."

तिचे कान लाल झाले होते. त्याचेही झाले.

"बाई, मी हॅलोरनला शब्द देऊन बसलोय. तुम्ही जूनमध्ये आलात, वासराची चौकशी केलीत आणि गेलात. मला वाटलं, तुम्हाला माझं मत नकोच असेल. बीजगणितात नापास झालो होतो ना मी."

वहिनीचा चेहरा उतरला. मला तिची इतकी दया आली की हात धरून बाहेर न्यावंसं वाटलं.

"शब्द मोडू नकोस," ती हळूच म्हणाली. पण उठली नाही. तिने सरळ चुलीकडे मान वळवली. तिथे डेल्बर्टची बायको लव्हॉन चिली ढवळत उभी होती.

"लव्हॉन, तू कुणाला शब्द दिलायस?"

"मी?" लव्हॉन हसली. "मला कुणी विचारलंय कुठे?"

"मी विचारतेय. देशील मला मत?"

डेल्बर्टने ताटलीत डोकं घातलं. लव्हॉनने पळी खाली ठेवली, हात पुसले.

"दिलं, बाई. आणि माझ्या चारही बहिणींना कुणी विचारलं नसणार. थांबा, फोन करून सांगते त्यांना."

"सांगू नकोस," वहिनी उठून तिच्याकडे जात म्हणाली. "फोन लाव आणि माझ्याकडे दे."