बापूंचा लाकडी मासा

बापूंच्या गळ्यात तुळशीची माळ असायची आणि खिशात लाकडी मासा, गळ चिंधीत गुंडाळलेले. तापीकाठच्या त्या गुजरांच्या गावात कांदा कापतानाही चातुर्मास बघत, आणि तिथला हा माळकरी शेतकरी रोज दुपार कलली की डोहावर मासे धरायला जायचा. गाव त्यांना 'मासाबापू' म्हणे. पाठीमागे म्हणे, पण त्या गावात पाठीमागे म्हणजे चार हातांवर. बापूंना सगळं ऐकू यायचं.

मी रत्नागिरीकडचा. म्हसावदच्या शाळेतून बदली होऊन तिथं आलो आणि बापूंच्या ओसरीलगतच्या खोलीत बिऱ्हाड केलं. दोन वर्षं ताज्या मासळीवाचून काढलेला माणूस मी. घरमालकाच्या हातात गळ पाहिला आणि म्हटलं, चला, देव पावला! कसला पावतोय! त्या उन्हाळ्यात त्या घरात देव कुणालाच पावला नाही.

कारण होतं रमण. बापूंचा एकुलता एक, एकवीस वर्षांचा, क्षयानं कॉलेज सोडून घरी आलेला. शहाद्याचे डॉक्टर म्हणाले, सुया चालू आहेत, पण अंगात काही राहिलेलं नाही; अंडी द्या, मासे द्या, मरळ मिळाली तर फारच उत्तम. अंड्याच्या वासानंच रमणला ओकारी आली. मरळीचा विषय निघाला तेव्हा तो हसून म्हणाला, "बापू, तुम्ही सोता धरी आना, मंग खासू." बापू म्हणजे मुंगी दिसली तर पाऊल वळवणारा माणूस. हे कधी धरणार नाहीत, म्हणजे आपल्याला कधी खावी लागणार नाही, एवढाच पोराचा डाव. बापूंनी मात्र तो शब्द खरा मानला.

पहिल्याच दिवशी अडलं. गळाला गांडूळ टोचायचं होतं. बापूंनी ते तळहातावर घेतलं, न्याहाळलं आणि परत ओल्या मातीत सोडलं. "यानी काय बिघाडं मन्हं?" मी म्हटलं, "बापू, मग माशानं काय बिघडवलंय?" तर म्हणाले, "मासा सोता तोंड मारस. याले मी टोची ऱ्हायनू." कपाळ माझं!

नदीची मापं घ्यायला आलेला एक ओव्हरसियर तेव्हा काठावर तंबू ठोकून होता. त्याच्याकडे एक विलायती मासा होता, लाकडाचा, रंगवलेला, पोटाखाली गळ आणि हनुवटीखाली जीभ बसवलेला; खरा समजून मोठे मासे त्यावर तोंड मारत. बापूंनी तो एक दिवस मागून आणला आणि पांगाऱ्याच्या लाकडातून तसाच तासला. जीभ तेलाच्या डब्याच्या पत्र्याची. पाण्यात सोडला की तरंगायचा. दोरी ओढली की पाणी त्या जिभेवर आपटायचं आणि मासा डोकं खाली घालून, अंग हलवत खोल जायचा. जीभ आखूड तर हातभर, लांब तर पार पुरुषभर. बापूंनी किती जिभा बदलल्या, देव जाणे.

नायलॉनची दोरी ओव्हरसियरनंच दिली. ती पतंगाच्या फिरकीवर गुंडाळलेली. मी होडी वल्हवायचो आणि बापू मागं बसून, लांब दोरी सोडून, डोहाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मासा ओढत न्यायचे. होडी मिळाली नाही की काठावरून. दोरीची वेटोळी परातीत ठेवायची आणि लाकडी मासा गोफणीसारखा गरगर फिरवून थेट खडकाच्या कडेला टाकायचा. गोफण बापूंच्या हाताची सवयीची, वीतभर चुकायची नाही. मासा खडकात अडकला की मी ओरडायचो, "ओढा!" ते उलट दोरी सैल सोडायचे आणि लाकूड आपसूक वर यायचं. "ओढा ते आडकस मास्तर, सोडा ते वर येस," हे त्यांनी इतक्यांदा ऐकवलं की मला वैताग आला.

चैत्र गेला, वैशाख आला, मरळ काही लागेना. रमणची खाट अंगणातल्या निंबाखाली असायची. आम्ही आलो की तो विचारायचा, "आज?" बापू म्हणायचे, "सकाय." उद्या. काकी, म्हणजे रमणची आई, चुलीपाशी तोंड फिरवायची. घरात मासळी येणार हे तिला सोसायचं नाही, आणि नाही आली तर काय, या विचारानं झोप लागायची नाही.

वैशाख संपता संपता लागली. खडकाच्या कपारीपाशी असा हिसका बसला की फिरकी बापूंच्या हातातून जाता जाता राहिली. हातापेक्षा लांब मरळ, काळीशार! ओल्या गोणपाटात गुंडाळून आम्ही अक्षरशः पळालो. बापूंचे तळवे दोरीनं चिरले होते आणि हे गृहस्थ पळता पळता रडत होते. मी खोलीत चूल पेटवली, मसाला वाटायला बसलो. खोटं कशाला बोलू, तोंडाला पाणी सुटलं होतं.

मरळ पाण्याबाहेरही बराच वेळ जगते. अंगणात गोणपाटावर ती तोंड उघडत होती, मिटत होती. रमण कुशीवर वळून पाहत राहिला. त्याचीही छाती तशीच वरखाली होत होती. मग म्हणाला, "बापू, तिले दम लागी ऱ्हायना. सोडी द्या."

"तू बोलना व्हता, खासू."

"बोलनू व्हतू. पन मालेबी असाच दम लागस."

"अरे, वेडा का खुळा तू!" मी आतून ओरडलो. कुणी लक्ष दिलं नाही. बापूंनी गोणपाट उचललं आणि ते डोहाकडे चालू लागले. माझा मसाला पाट्यावर तसाच वाळला. मला बापूंचा भयंकर संताप आला होता, आणि तो अजूनही पुरता गेलेला नाही.

मृगाच्या आधीच रमण गेला.

तेराव्यानंतर बापू पुन्हा डोहावर जाऊ लागले. लाकडी माशाचे गळ त्यांनी उपटून टाकले होते. नुसतं लाकूड ओढत बसायचे. एका संध्याकाळी ते तडक चुलीपाशी आले आणि मासा काकीपुढे धरला. रंगावर दातांचे बारीक ओरखडे होते. "ती शे," बापू म्हणाले. "रमणनी सोडेल, ती." रमणनं सोडायला लावलेली मरळ. काकीनं त्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं. मासळीच्या नावानं तोंड फिरवणारी ती बाई, त्या दिवसापासून रोज विचारू लागली, "शे का?" आहे का? बापू कधी नवे ओरखडे दाखवायचे, कधी "सकाय" म्हणायचे.

पुढं माझी अक्कलकुव्याला बदली झाली. सहा-सात वर्षांनी मुद्दाम वाट वाकडी करून गेलो. खाली धरणाचं काम चाललं होतं; पाणी कुठवर चढेल त्याच्या खुणेचे दगड डोहाच्या बरेच वर रोवलेले होते. बापू पार वाळले होते. संध्याकाळी ते डोहावरून आले, काकीनं विचारलं, "शे का?" "शे," म्हणून त्यांनी मासा तिच्या हातात दिला. तिनं बोट फिरवलं आणि तो माझ्याकडे दिला. ओरखडे ताजे होते, पण सरळ, सगळे सारख्या खोलीचे. जन्मभर मी पोरांना बोरू तासून दिलेत. चाकूचा घाव मला कळतो. मी बापूंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

सकाळी निघालो तेव्हा काकी भाकरीचं गाठोडं घेऊन वेशीपर्यंत आली. हातात देताना हळूच म्हणाली, "मास्तर, तो चाकू शे. माले दोन वरीसपाशी माहीत शे." मग म्हणाली, "त्यासले सांगू नका. मी नही इचारं, ते त्या डोहवर जावाव नहीत."

मी बरं म्हटलं.