तिचा स्वभाव मी ठरवला

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडले तेव्हासुद्धा ही एवढी गोष्ट बाजूला ठेवूनच जोडले. आज सांगते, पण आधीच बजावते — मध्येच "जाऊ द्या हो, वयच तसं होतं" असं म्हणायचं नाही. त्या वाक्याची मला चीड आहे. त्या वयाच्या हजार मुली या शहरात होत्या, सगळ्यांनी काही असं केलं नाही.

हैदराबादेत हिमायतनगरला माझा क्लास आहे. व्यक्तिमत्त्व विकासाचा. दारावर पाटी आहे — 'स्वतःला ओळखा'. मीच रंगवून घेतली. रोज सकाळी तिच्याखालून आत शिरते आणि रोज माझं डोकं फिरतं. आत मुलं बसलेली असतात, त्यांना मी सांगते, आपला स्वभाव तपासा, दोष कागदावर उतरवा, लपवू नका. बिचारी इमानदारीनं लिहितात. कुणाला इंग्रजीची भीती वाटते, कुणी आईवर ओरडतं, कुणाला चारचौघांत घाम फुटतो. मी वाचते, मान डोलावते, दोन शहाणपणाची वाक्यं बोलते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! माझा स्वतःचा कागद कधी भरला मी? कोरा तर कोरा, त्यावर हात ठेवून बसले आहे इतकी वर्षं.

तर — अक्का.

शकुंतला तिचं नाव. मलकपेठेत आमच्या शेजारच्या घरात राहायची, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. आम्ही सगळी पोरं तिला शकूअक्का म्हणायचो. नव्वदच्या दशकातले शेवटचे दिवस होते. बाहेरच्या कंपन्या एकेक करून शहरात येत होत्या आणि कमरेला पेजर लावून फिरणं म्हणजे मोठी ऐट होती. आता कुणाला आठवतही नसेल तो डबा. त्याच्यावर निरोप पाठवायचा तर आधी आमच्या पेजर कंपनीच्या ऑफिसात फोन करावा लागे. आम्ही बायका ओळीनं बसून तो निरोप ऐकायचो, टाइप करायचो, पुढे पाठवायचो. तेलुगू, उर्दू, हिंदी, ज्याची जी भाषा असेल ती ऐकायची आणि इंग्रजी अक्षरांत बसवायची. अक्का तिथे आधीपासून होती. मला तिनं चिकटवलं. बी.कॉम. होऊन मी घरात बसले होते, तर स्वतः तेव्हाच्या साहेबांपुढे उभी राहून म्हणाली, ही माझी बहीण आहे, हिला घ्या. बहीण म्हणाली. शेजारीण नाही.

आता एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्ही हैदराबादची मराठी माणसं. पिढ्यान् पिढ्या इथंच. इथली तहजीब आमच्या हाडीमाशी भिनलेली. कुणी पोहे पुढे केले की पहिल्यांदा "नक्को नक्को" म्हणायचं, पोटात कावळे ओरडत असले तरी. समोरचा पुन्हा आग्रह करणार, आपण पुन्हा नाही म्हणणार, मग तो हात धरून बसवणार आणि आपण खाणार. पहिल्याच वेळी हो म्हणणारा माणूस हावरट. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, श्वासासारखं होतं ते. आणि आमचे नवे मॅनेजर आले पुण्याहून! पुण्याची थट्टा तुम्हाला मी कशाला सांगू? तिथं एकदा विचारलं हेच फार.

सुपरवायझरची एक जागा निघाली. ती जागा अक्काला हवी होती — हे मला माहीत होतं. मलाच माहीत होतं. बसमध्ये माझ्या शेजारी बसून ती आखणी करायची — लहान मुलं असलेल्या बायकांना सकाळची पाळी देईन, नव्या मुलींना पहिले काही दिवस एकटं बसवणार नाही. डोळे चमकायचे तिचे. तिला काही इतकं हवंसं वाटलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मला नव्हती हवी का ती जागा? होती की. पण मी बोलले नाही, ऐकत राहिले. 

त्याच सुमारास कंपनीनं लकडी का पूलच्या एका हॉटेलात शिबिर ठेवलं. मुंबईहून कुणी टाय लावलेला गृहस्थ आला होता, व्यक्तिमत्त्व घडवायला. ऑफिसातून एकीलाच सोडणार होते. अक्का म्हणाली, तू जा, तू शिकलेली आहेस, तुझी पाळी मी काढते. गेले. तो गृहस्थ दिवसभर एकच सांगत होता — कुणी जबाबदारी देऊ केली की तिथल्या तिथे हो म्हणा, आढेवेढे घेणाऱ्याला कंपनी दुबळा समजते. मी ऐकलं आणि मला पहिल्यांदा कोण आठवलं असेल? अक्काच. हे तिला सांगायला हवं, असंच पहिल्यांदा मनात आलं. खरंच आलं होतं. पण त्याचं श्रेय मी घेणार नाही, कारण संध्याकाळी बसमध्ये तिनं विचारलं, "काय शिकवले गं तिथं? मला बी सांग की." आणि मी म्हणाले, काही नाही अक्का, तेच आपलं, ताठ बसा, हसून बोला.

इतकंच असतं तर मी हे सांगायला बसलेच नसते. न सांगणं हा गुन्हा आहे का, यावर मी स्वतःशी पुष्कळ वकिली केली आहे. थांबा, पुढे आहे.

पुण्याच्या या नव्या साहेबांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. अक्काला विचारलं, ही जागा घ्याल का? आणि तिनं काय करावं? तिनं तेच केलं जे कुठल्याही खानदानी घरातल्या बाईनं केलं असतं. मान खाली घालून म्हणाली, "नको सर, माझ्यापेक्षा चांगल्या आहेत इथं. मंदाला द्या, हुशार पोरगी आहे." मला पुढे केलं तिनं! रीत म्हणून. आता साहेब म्हणतील, छे छे, तुम्हीच पाहिजे — आणि मग ती हो म्हणेल. साहेब माझ्याकडे वळले. मी "हो सर" म्हणाले. इतक्या चटकन म्हणाले की अक्कानं मान वर करून पाहिलं.

साहेब म्हणाले, उद्या कळवतो. अक्काला वाटलं, उद्या पुन्हा विचारतील. दुसऱ्या दिवशी ती खळ घातलेली निळी साडी नेसून आली. 

आणि त्या दिवशी सकाळी साहेबांनी मला एकटीला बोलावलं. ऐका आता नीट. त्या पुण्याच्या माणसानं — ज्याची मी आयुष्यभर थट्टा करत आले — त्यानं दुसऱ्यांदा विचारलं. मला विचारलं. म्हणाले, शकुंतलाबाई मनापासून नको म्हणाल्या की संकोचानं? माझ्या मनात आधी त्यांचंच नाव आहे, तुमच्या घरोब्याच्या आहेत, तुम्हीच सांगा.

एक शब्द पुरला असता. 'संकोचानं.' तो शब्द त्यांनीच माझ्या हातात ठेवला होता, मला शोधायचासुद्धा नव्हता. मी म्हणाले, "नाही सर, त्यांना खरंच नको आहे. जबाबदारीला घाबरतात त्या. स्वभावच आहे तसा."

स्वभावच आहे तसा! बघा, किती सराईतपणे. शिबिर एका दिवसाचं, पण भाषा मात्र मी पक्की उचलली होती.

जागा मला मिळाली. निळ्या साडीतच अक्कानं माझं तोंड गोड केलं. मग बसमध्ये, खिडकीकडे बघत, हळूच विचारलं, "मला पुन्हा का नाही विचारले गं त्यांनी?" आणि मी — अहो, इथे तरी थांबायचं ना! — मी म्हणाले, तुझ्यात आत्मविश्वास कमी वाटला त्यांना, अक्का. साहेबांना तिच्याविषयी खोटं सांगितलं आणि तिला साहेबांविषयी. दोन्हीकडून दार लावून घेतलं. ती "हौ, असेल" म्हणाली आणि पुन्हा खिडकीकडे वळली.

मला तिचाही राग यायचा. का इतकी सोसणारी? का नाही भांडली? केबिनचं दार ढकलून का नाही गेली आत? वर्षानुवर्षं मी हा राग जपून ठेवला, कारण तो होता तोवर दुसरीकडे बघावं लागत नव्हतं. चोर तो चोर, वर शिरजोर.

पुढे मोबाइल आले, पेजर बंद झाले. टाइप करणाऱ्या सगळ्या बायकांना घरी पाठवलं. सुपरवायझर होते म्हणून मला कंपनीनं मोबाइलच्या कामात घेतलं, तिथून ट्रेनिंगला, आणि तिथून हा माझा क्लास. अक्कानं घरी शिवण घेतलं. आणि मी? मी तिला क्लासात घेऊन आले. नाव बदलून. "एक बाई होती," अशी सुरुवात करायची. गुणी, कष्टाळू, पण जबाबदारी समोर आली आणि घाबरली, आत्मविश्वास नव्हता म्हणून मागे राहिली. मुलं हळहळायची. माझं सगळ्यात गाजलेलं उदाहरण आहे ते. फळ्यावर तिचे दोष लिहून काढायला लावले आहेत मी मुलांना!

गेल्या वर्षी मलकपेठेच्या महिला मंडळानं मला भाषणाला बोलावलं. अक्का पुढच्या रांगेत बसली होती. केस पांढरे, हातात रुमाल. मला वाटलं होतं, आज ते उदाहरण गाळू. पण भाषण रंगलं, टाळ्या पडू लागल्या, आणि जीभ सवयीनं तिकडेच वळली — एक बाई होती. ती ऐकत होती. मी तिच्याकडे बघायचं टाळून शेवटपर्यंत बोलले. सगळ्यांत शेवटपर्यंत टाळ्या वाजवत होती ती.

भाषणानंतर मंडळाच्या अध्यक्षीणबाई तिला म्हणाल्या, शकूअक्का, यंदा शिवणवर्ग तुम्हीच चालवा, तुमच्यासारखा हात कुणाचा आहे? अक्का नको म्हणाली. त्यांनी पुन्हा आग्रह केला, ती पुन्हा नको म्हणाली. आमच्याकडचीच माणसं ती, हात धरून आणखी विचारलं. मी वाट बघत होते. आता हो म्हणेल. ती हात सोडवून घेत म्हणाली, "नक्को हो. आपल्यानं नाही होत ते." खरंच नको होतं तिला. डोळ्यांत भीती होती, साधी, खरीखुरी भीती. पेजरच्या ऑफिसात मी ती कधीही पाहिली नव्हती.

मग माझ्याजवळ आली. पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, "किती बरोबर सांगितलीस गं मंदा. ती बाई म्हणजे मीच की. मी पहिल्यापासून भित्रीच. मला माझं कळलंच नव्हतं, तू ओळखलीस."

तो क्षण होता. ती समोर होती, जिवंत, हात माझ्या पाठीवर. तिथे सांगता आलं असतं.

मी तिचा हात हातात घेतला आणि माझ्या क्लासातल्या मऊ आवाजात म्हणाले, "असू दे अक्का. एकेकाचा स्वभाव असतो."

तिनं मान हलवली. पटलं तिला.