वेळेआधी टांगलेलं दप्तर

फेन्ना सहा वर्षांची असताना पोहण्याच्या पहिल्या परीक्षेला उतरली होती. तिकडे ही परीक्षा अंगात कपडे, पायांत बूट, तसंच पाण्यात उतरून द्यायची असते. बाकीची मुलं धपाधप उड्या मारत होती आणि ही तलावाच्या कडेची दांडी दोन्ही हातांनी धरून उभी. शेवटी पोहायला शिकवणाऱ्या बाईंनी तिचं एकेक बोट सोडवलं. मग मात्र ती न थांबता पार गेली. बाबांनी त्या दिवसापासून तिचं नावच ठेवलं, ‘आमची शिंपली’. त्यांची खाडीतून शिंपल्या काढायची बोट, त्यामुळे चिकटून बसणं म्हणजे काय ते त्यांना ठाऊक.

आता ती सोळा वर्षांची होती आणि धरायला दांडी नव्हती. मिडलबर्खच्या नर्सिंगच्या शाळेने तिला जागा दिली होती, पण शालान्त परीक्षा पास झाली तरच. मे महिन्यात पेपर झाले. त्याच संध्याकाळी सरकारी उत्तरं जाहीर होतात, मुलं आपापले गुण मोजून मोकळी होतात. फेन्ना मोकळी झाली नाही. गणिताचे गुण तिने अकरा वेळा मोजले. कधी छत्तीस यायचे, कधी अडतीस. पास व्हायला किती लागतात, ते निकालाच्या दिवसापर्यंत कुणालाच कळत नाही. महिनाभर ती रोज पहाटे साडेचारला जागी होत होती. न्हाणीघरातल्या फरश्या मोजत बसायची. एकशे बारा होत्या.

निकालाच्या दिवशी सकाळी ती खाली आली, तेव्हा बाबा घरासमोर शिडीवर होते. झेंड्याची काठी भिंतीला लागली होती, झेंडा फडफडत होता आणि काठीच्या टोकाला फेन्नाचं निळं दप्तर लोंबत होतं. पास झालेल्या मुलाच्या घरावरच असं दप्तर लागतं. पण ते फोन आल्यावर. आधी कुणी लावत नाही.

“बाबा! काढ ते!”

“अगं, मला भरतीबरोबर निघायचंय. दुपारी मी खाडीत असणार. मग कोण लावणार?”

“मी नापास झाले तर?”

“कशाला होतेस? वाऱ्याने उडू नये म्हणून वजनाला पुस्तकंसुद्धा घातलीत आत.” ते शिडी उतरले, तिच्याकडे न बघता हात पुसले आणि सायकलला टांग मारून निघाले. जाण्याआधी शिडी मात्र गोदामात ठेवून कुलूप लावून गेले, म्हणजे दप्तर काढायची सोय राहिली नाही.

आई, आनेके, दारात उभी होती. “त्याला रात्रभर झोप नाही,” ती म्हणाली. “हाताला काहीतरी काम हवं होतं.”

“मग भांडी घासायची!”

फेन्नाच्या शाळेत नियम ठरलेला होता. वर्गशिक्षिका दुपारी दोन ते अडीच नापास झालेल्यांना फोन करत, अडीचनंतर पास झालेल्यांना. म्हणजे अर्धा तास फोन वाजता कामा नये. पावणेदोनपासून फेन्नाने फोन जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि त्याच्याभोवती फेऱ्या घालायला सुरुवात केली. बसली, उठली, पाणी प्यायली, पुन्हा उठली.

“फेन्ना, जमिनीला भोक पडेल,” आई म्हणाली. ती स्वतः तोच कप तिसऱ्यांदा विसळत होती.

दोन वाजून नऊ मिनिटांनी फोन वाजला. फेन्नाने नाव न बघताच तो उचलला.

“काय गं शिंपली, आला का फोन?”

“बाबा! आत्ता फोन नको करूस! ठेव! ठेव म्हणते ना!”

दोन वीस. दोन चोवीस. आईने तिचा हात धरला. दोन सव्वीसला फोन वाजला आणि या वेळी पडद्यावर वर्गशिक्षिका फान डालेनबाईंचं नाव होतं.

“फेन्ना, बसली आहेस ना?”

“हो,” ती उभ्यानेच म्हणाली.

“गणितात दोन गुण कमी पडले. बाकी सगळं पास आहे. पुढच्या मंगळवारी फेरपरीक्षा देता येईल. देणार ना?”

“हो,” असा आवाज आला. तो आपलाच होता, हे तिला नंतर समजलं.

फोन ठेवते न ठेवते, तोच मागचं दार उघडून शेजारच्या कोरीकाकू आत शिरल्या. हातात बोलुसांचं, म्हणजे दालचिनीच्या चिकट गोड पावांचं ताट. “अभिनंदन, आनेके, लेकीबद्दल! सकाळीच दप्तर बघितलं, म्हटलं फोन लवकर आला वाटतं!”

फेन्नाला वाटलं, न्हाणीघरात जावं आणि एकशे बारा फरश्या मोजाव्यात.

“मी पास नाही झाले, काकू. गणित राहिलं. दप्तर बाबांनी उगाच लावलंय.”

कोरीकाकूंनी ताटाकडे बघितलं, मग तिच्याकडे. “हे काय मी परत नेऊ? वर्षभर बोलून दाखवशील. खा. आणि तुझा बाबा येऊ दे, त्याला एकसुद्धा द्यायचा नाही.”

महिनाभर जे बोलायची भीती होती, ते बोलून झालं होतं. तिने अर्धा बोलुस खाल्ला.

बाबा आले, तेव्हा त्यांना आईने सांगितलेलं होतं. ते शिडी घेऊन आले, टोपी काढून उभे राहिले. “चुकलं माझं. काढतो आत्ता.”

“तू शिडी धर,” फेन्ना म्हणाली. ती स्वतः वर चढली. दप्तर धोंड्यासारखं जड होतं. खाली आणून उघडलं, तर सगळ्यात वर गणिताचं पुस्तक.

“हेच घातलंस?”

“सगळ्यात जाड तेच होतं,” बाबा म्हणाले.

तिला हसू आलं नाही. पुस्तक घेऊन ती पायरीवर बसली. पहिलं उदाहरण चुकलं. दुसरंही. तिसऱ्याला अडली तरी तिने पान उलटलं नाही, तिथेच बसून राहिली.

मंगळवार. परीक्षेचा हॉल. पेपर समोर पालथा होता आणि तिने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती. बोटं सोडवायला या वेळी कुणी बाई येणार नव्हत्या. तिने आधी करंगळी सोडली. मग तिच्या शेजारचं बोट.