माझे उतावळे हात

डॉक्टरीणबाई आमच्या यांना म्हणाल्या, "आजोबा, अंगठा आणि पहिलं बोट जुळवा, उघडा, भरभर. चिमणीच्या चोचीसारखं." पहिल्या चार-पाच वेळा चोच चांगली उघडली, मग लहान लहान होत गेली आणि मध्येच थांबली. माझा हात आपोआप पुढे गेला.

"आजी, हात मागे! हालचाल किती मंदावलीय, तेच बघायचंय. कधीपासून आहे असं?"

मला सांगताच येईना. यांची बटणं मी लावते, भात मी कालवून देते. वेळ लागला की "किती हो रेंगाळता!" म्हणून मीच करून मोकळी. मायेनं म्हणा, घाईनं म्हणा, आपण माणसाच्या हातातलं काढून घेत जातो. मग त्या हातांत काय उरलंय, ते आपल्यालाच दिसत नाही. किती महिने माझ्या चपळाईखाली झाकले गेले, कोण जाणे. हे मनातून जातच नाही.

आज फिरायला निघताना हे शर्ट घालत होते. मी दारात उभी, बोटं नुसती शिवशिवतायत. तिसऱ्या बटणाशी हे म्हणाले, "अगं, नवरदेव पाहायला आल्यासारखी काय बघतेस? तू बघितलंस की आणखी वेळ लागतो."

मी भिंतीकडे तोंड केलं. केवढा वेळ तो!

"झालं," हे म्हणाले. वळून पाहिलं, तर एक बटण भलत्याच काजात गेलेलं, कॉलर वाकडी. मी दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले आणि म्हटलं, "चला."