चुक्याचा वाफा

बाबा रेल्वेत गार्ड होते. जयपूरच्या आमच्या क्वार्टरमागे त्यांनी सहा वाफे केले होते आणि ड्यूटीवर जाताना ते वाफ्यांचा नकाशा कागदावर काढून माझ्या हाती देत. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. शाळा सगळी इंग्रजीतून झालेली. देवनागरी शिकले ती हिंदीच्या तासाला. घरी मराठी बोलायचो, पण माझ्या मराठीत निम्मी हिंदी होती हे मला फार उशिरा कळलं.

थंडी सुरू होताना आई टायफॉइडमधून उठत होती. दोन घास खाऊन ताट सरकवायची आणि म्हणायची, "आपल्याकडची ती आंबट भाजी असती ना, तर जेवले असते बघ." मावशीनं साताऱ्याहून त्या भाजीचं चिमूटभर बी पाकिटातून पाठवलं. बाबांनी ते कुठे पेरलं, मी विचारलं नाही. विचारलं की आपल्याला काय येत नाही ते दिसतं, म्हणून मी बहुतेक गोष्टी विचारत नसे.

"जो वाफा संपलाय तो खणून ठेव, पालक टाकायचाय," सायकलवर टांग टाकत बाबा म्हणाले. "कागद बघ, सगळं लिहिलंय."

कागदावर वांगी, मेथी, मुळा, लसूण, गवार होती. नळाजवळच्या चौकोनात फक्त 'चुका'. हिंदीतलं हो चुका, जा चुका. म्हणजे हाच संपलेला. गवार वाळली होती, पण तिला चार शेंगा तरी होत्या. नळाजवळच्या वाफ्यात नुसती बोटभर पानं. मला ते तण वाटलं. मी सगळं कुदळीनं उलटं केलं, शेणखत मिसळलं, पाणी मारलं. बाबा खूश होतील असं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी बाबा आले ते पेटी खाली ठेवून थेट मागे गेले. "अगं, चुका कुठंय? आईचा चुका!"

तेव्हा मला कळलं की चुका ही भाजी असते. आईची आंबट भाजी.

बाबांनी शेजारच्या आंटींच्या बकरीवर संशय घेतला. भिंतीवरून हाक मारली, "भाभीजी, आपकी बकरी सब खा गई!"

या आंटी आईच्या तापात रोज दलिया आणून देत. त्यांनी वाफा नीट पाहिला. "भाईसाहब, मेरी बकरी चरती है, कुदाल नहीं चलाती."

"बकरीनं खाल्लं म्हणूनच पोरीनं खणलं असणार. हो ना गं?"

मी मान डोलावली. आंटी माझ्याकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून बकरी आखूड दोरीनं बांधलेली. ती सारखी ओरडायची आणि मला आतपर्यंत ऐकू यायचं. दोन दिवस काढले, मग त्यांच्या अंगणात गेले. "आंटी, वो मैंने खोदा था."

त्या मटार सोलत होत्या. "मुझे क्या बता रही है? अपने पापा को बता."

बाबांना चहाच्या वेळी सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. "पण का? कागद दिला होता ना?"

आई आतल्या खोलीत होती, तिला सगळं ऐकू येत होतं. तुमची अक्षरं मला वाचता येतात, शब्द कळत नाहीत, एवढंच सांगायचं होतं. ज्या भाषेत ती दोघं माझ्याशी बोलत, त्याच भाषेबद्दल.

"बघितलाच नाही," मी म्हणाले.

"आईचं माहीत होतं तुला. तरी बघितला नाहीस?"

"नाही."

बाबा चहा तसाच ठेवून, पायात चपला सरकवून मागच्या भिंतीपाशी गेले. त्यांचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता. "माफ कीजिए भाभीजी. बकरी का कोई कसूर नहीं. लड़की ने काग़ज़ देखा ही नहीं."