जार पडेपर्यंत

पदवी घेऊन मी धुळ्याच्या एका संशोधन केंद्रात लागले, तेव्हा तिथं गावठी गाईंपासून संकरित वासरं तयार करण्याचं काम चालू होतं. वासरं जन्मत, अंगानं चांगली भरलेली असत, पण त्यांतली बरीचशी पहिल्या पंधरवड्यातच हगवणीनं जात. आमच्या साहेबांना कारणाचा अंदाज होता. आमच्या भागात गाय व्याली की जार, म्हणजे वार, पडेपर्यंत तिच्या सडांना कोणी हात लावत नसे आणि वासरूही पाजत नसे. कधी जार लवकर पडे, कधी दिवस मावळे. तोवर वासरू उपाशी. रोगाशी झुंजायची ताकद ज्या पहिल्या चिकातून मिळते, तोच त्याला उशिरा मिळे. ज्या घरांची तयारी असेल तिथं वासराला लगेच चीक पाजायचा आणि इतर वासरांशी तुलना करायची, असा प्रयोग ठरला.

साहेबांची एकच अट होती. मालक नाही म्हणाला तर गाईला हात लावायचा नाही. एक गाय दगावली की सगळ्या गावांची दारं आपल्याला बंद होतील, असं ते बजावायचे. मी शेतमजुराच्या घरातली, आमच्यात पहिलीच शिकलेली. मुलगी गोठ्यात काय करणार, असं सगळे म्हणत असताना त्यांनी मला हे काम दिलं होतं. त्यांचा शब्द मोडायचं माझ्या स्वप्नातही येत नसे.

नरडाण्याजवळच्या एका गावात एका आक्कांची गाय दिवसांत आली होती. आक्का आणि त्यांचे यजमान, ज्यांना सगळे आबा म्हणत, दोघंच राहायचे. लगेच चीक पाजायला आबांनी हो म्हटलं होतं. मी आदल्या दिवशीच मुक्कामाला गेले. सकाळी गाय मोकळी झाली. कालवड झाली, तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका. मी भांडं घेऊन पुढं झाले तर आक्का गाईच्या आडव्या उभ्या राहिल्या.

"जार पडाशिवाय थानले हात लावानं नही."

"आक्का, आबा हो म्हनेल शेतस."

"आबा काय धार काढतस का?"

आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी मान फिरवली.

मी समजावून सांगितलं. वासरू लागलं की गर्भाशय आवळतं, जार सुटायला उलट मदत होते. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुन्हा घर ढोरं शेतस का?"

"एक बकरी शे."

"बकरीपाईन शिकनी आनि गायनं सांगाले उनी," त्या म्हणाल्या. आबा हसले. मलाही हसू आलं असतं, पण तेवढ्यात कालवडीनं माझ्या ओढणीचं टोक तोंडात धरलं आणि चोखायला लागली.

मग आक्का जरा मऊ झाल्या. म्हणाल्या, "मन्ही मायनी गाय अशीच गई. वासरू लागनं आनि रक्तनी धार लागनी. मी सोता देखेल शे. तू छातीवर हात ठीसन सांग, गाय मराव नही."

तसं मला सांगता येईना. ती गाय कशानं गेली हे मला ठाऊक नव्हतं, आणि या गाईचं पुढं काय होईल हे पदवी सांगत नव्हती. आक्कांनी कालवड उचलून पलीकडच्या खुंट्याला बांधली.

दुपार चढली तरी जार पडली नाही. सकाळी हाताला ढुशा देणारी कालवड आता मान टाकून पडली होती. मी तिच्या तोंडात बोट घातलं. तोंड गार लागलं आणि तिनं बोट चोखलं नाही. आक्काही दर थोड्या वेळानं येऊन बघत होत्या. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण हट्ट सुटत नव्हता.

तेवढ्यात कुंपणापलीकडून गुळाचा वास आला. तिथं आक्कांची धाकटी जाऊ राहायची. तिची गाय रात्री व्याली होती आणि पहाटे जारही पडली होती, हे आबांनी हळूच सांगितलं. वाटणीपासून दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. म्हणजे तिथं चीक असणार, म्हणून मी धावत गेले.

जावेच्या चुलीवर खरवस चढला होता. ती म्हणाली, "तीन वरीसमा मन्हा दारमा पाय ठेवा नही तिनी. आते चीक पाह्यजे? तिले म्हन, तोंड उघडीसन मांग."

मी निरोप दिला. आक्का म्हणाल्या, "मी जावाव नही." मग त्यांनी कालवडीकडं पाहिलं, तांब्या उचलला आणि कुंपणाशी जाऊन काही न बोलता हात पुढं केला.

"तोंड शे ना?" जाऊ म्हणाली.

"वासरूले पाह्यजे," आक्का म्हणाल्या. आवाज इतका बारीक की मलाच नीट ऐकू आला नाही. जावेला आला असावा. ती आत गेली आणि देवासाठी काढून ठेवलेला कच्चा चीक घेऊन आली.

"देव थांबी जाई," म्हणाली आणि तांब्यात ओतला.

चीक जास्त तापला तर फाटतो, म्हणून मी तांब्या कोमट पाण्यात धरला. आक्कांनी कालवडीचं डोकं मांडीवर घेतलं आणि मी चिकात बुडवलेली बोटं तिच्या तोंडात दिली. पहिला घोट बाहेर आला, दुसराही. मग तिनं माझी बोटं घट्ट धरली आणि घसा हलला. आबा ओट्यावरून उठून आले.

दिवस कलताना जार पडली. "देख, थांबनूत ते पडनी का नही?" आक्का म्हणाल्या आणि स्वतःच कालवड सोडून गाईला लावली. मी वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी ऐकून घेतलं. "दुसऱ्याच गाईचा चीक, तोही उशिरा, म्हणजे हे वासरू आपल्या प्रयोगात धरता येणार नाही," ते म्हणाले. मी मान खाली घातली. "जगलंय का?"

"काल मी निघाले तेव्हा उभं होतं."

"मग जात राहा. हगवण लागायचे दिवस अजून पुढेच आहेत."

मी जात राहिले. पंधरवडा उलटला त्या दिवशी पोचले तर खुंटा रिकामा होता. आक्का शेण टाकून येत होत्या.

"कोठे शे?" मी विचारलं.

"जावना घर," त्या म्हणाल्या. "दिनभर तठेच ऱ्हास."

मी कुंपणाशी गेले. जावेच्या गोठ्यात दोन वासरं होती. तांबूस कालवड दुसऱ्याच्या अंगावर मान टाकून उभी होती आणि शेपटीनं माश्या वारत होती.