इल्ला

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. आमच्या न्हाणीचा पत्र्याचा दरवाजा भर दुपारी, वारा नसताना, कुरकुरतो. घरातले जेवत असतात, कुणी मान वर करत नाही. मला एकट्यालाच ऐकू येतं का?

अक्का माझी थोरली बहीण. नवरा गेल्यावर कर्नाटकातल्या ठाणाकुशनूरला, माहेरी आली. ती शेतात राबली म्हणून मी घरातला पहिला पदवीधर झालो, शिक्षक झालो. तिला लघवीची आग व्हायची — थांबायची, परत यायची. आमच्याकडं त्याला 'उन्हाळी' म्हणतात आणि धण्याचं पाणी देतात. शेवटी तालुक्याच्या दवाखान्यात निघालो. बसमध्ये ती कानाशी म्हणाली, "लाल बी जायलंय रे." मी खिडकीबाहेर बघू लागलो. ती हसली. "मास्तर, पोरीवानी लाजायलास कामून?"

डॉक्टर नवे, कन्नडच बोलणारे. अक्काला कन्नड जेमतेम. म्हणून तर मी सोबत. खोलीत माणसं दाटीनं उभी — माझ्या विद्यार्थ्यांचे वडीलही. डॉक्टर म्हणाले, आग पुन्हा पुन्हा होत असेल तर नीट तपासावं लागेल. आणि रक्त एकदाच दिसलं, दुखलं नाही तरी, बिदरला मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. मग विचारलं — रक्त जातं का?

एकच शब्द होता. सोपा होता ना?

मी म्हणालो, "इल्ला." नाही.

गोळ्यांनी आग थांबली. लाल थांबलं का, हे मी कधी विचारलंच नाही. अक्का न्हाणीत जायची तसा दरवाजा सारखा कुरकुरायचा आणि मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. बिदरला नेलं तेव्हा मूत्राशयातली गाठ पसरली होती. वर्षभरात अक्का गेली.

पण अजून एक आहे — रक्ताला कन्नडमध्येही रक्तच म्हणतात. आणि 'इल्ला' आमच्याकडं लहान पोरालाही कळतं. तिनं प्रश्न ऐकला होता. उत्तरही. माझ्याकडं बघून ती गप्प बसली. का?

ते तेराव्याला शेजारणीनं सांगितलं. धुण्याच्या दगडावर लाल डाग बघून ती घाबरली, तेव्हा अक्कानंच तिला समजावलं होतं — "रक्त न्हाई गं ते, उन्हाळीच हाय. माझा भाऊ शिकलेला हाय. डाक्टरला इल्ला म्हणलाय त्यो."

दरवाजा कुरकुरला की मी अजूनही टीव्हीचा आवाज वाढवतो.